तात्यांनी पुरलेली पिशवी

किस्से साठवून ठेवता येत नाहीत, निदान आमच्या धंद्यात तरी. आमच्याकडे काहीही साठवलं की आंबतं, आणि आंबलं की झाकण उडवून बाहेर येतं! परवा एका मैत्रिणीने सहज विचारलं, "तुमच्या त्या काल्हेरच्या गोदामात तुम्ही नक्की करता तरी काय गं?" मी एका वाक्यात सांगायला गेले आणि बोलतच बसले. चहा झाला, परत चहा झाला. तिचा नवरा कामावरून आला, जेवला, झोपायला गेला, तरी माझं आपलं चालूच! शेवटी तीच म्हणाली, "अगं, हे लिहून का नाही काढत?" म्हणजे आता ऊठ, असं तिला म्हणायचं असावं. पण मी ते मनावर घेतलं.

आम्ही काय करतो ते आधी सांगते. उरलेलं, शिळं अन्न गोळा करतो. त्याचा लगदा करून बंद टाकीत आंबवतो. त्यातून जे आंबट पाणी निघतं, ते दुसऱ्या टाकीतल्या जिवाणूंना, म्हणजे बॅक्टेरियांना पाजतो. त्यांना खायला भरपूर घालायचं, पण वाढीला लागणारी एक गोष्ट मुद्दाम कमी द्यायची. मग ते वाढत नाहीत, नुसते खातात आणि अंगात चरबी साठवतात. बसून खाणाऱ्या माणसाचं होतं तेच! ती चरबी काढून, धुऊन, वाळवली की पांढरी पावडर हाती लागते. ती पावडर म्हणजे प्लास्टिक. पिशवी होईल असं खरंखुरं प्लास्टिक. फरक एवढाच की ते मातीत पुरलं तर मातीतले जिवाणू ते खाऊन टाकतात.

माणसं मोजकी आहेत. कंपनी सरांची. सर केमिकल इंजिनिअर, चांगली नोकरी सोडून यात पडलेले. खोटं बोलता न येणं हा त्यांचा मोठा दोष. टाक्या सांभाळतात सलीमभाई. त्यांची उमर भिवंडीत लूमवर, म्हणजे कापडाच्या यंत्रमागावर गेली. त्यांचे लूम भंगारात गेले तेव्हा ते आमच्याकडे आले. लॅब माझ्याकडे. मी शेजारच्या राहनाळची, मायक्रोबायोलॉजी शिकलेली आणि तोंडाने जरा फटकळ. चौथे तात्या. ते कंपनीत नव्हते, गोदाम त्यांचं होतं. पण हे सगळे किस्से फिरून फिरून त्यांच्याचकडे जातात, त्याला मी काय करू?

*

गोदाम मिळालं त्याचीच गोष्ट आधी.

भिवंडीजवळ, खाडीकाठच्या काल्हेरला तात्यांची गोदामं एका रांगेत उभी आहेत. तिथे पूर्वी त्यांचं भात पिकायचं. भात गेलं, पत्रे आले, तात्या शेतकऱ्याचे शेठ झाले. तरी मागचा खाडीकडचा एक पट्टा त्यांनी कोणाला दिला नव्हता. तिथे ते वाल लावायचे, भेंडी लावायचे, आणि रोज सकाळी शेठपणाचा पांढरा शर्ट काढून ठेवून बनियनवर निंदणी करायचे.

सर त्यांच्याकडे जागा मागायला गेले. मी सोबत होते. तात्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, पाणी दिलं.

"काय बनवनार?" तात्यांनी विचारलं.

"प्लास्टिक," सर म्हणाले.

तात्या उठलेच! आतल्या बाजूला बघून म्हणाले, "चाय ठेवू नको गो. पावनं निंगालं."

मग जाता जाता आम्हाला ऐकवलं. "आमचा बापूस खाडीत जालं टाकायचा, तवा कोलंबी यायची, चिंबोरी यायची. आता जालं टाकला तं पिशव्या येतान. नि तुमी आजून बनवा!"

सर घाबरून म्हणाले, "पण हे कुजतं!"

तात्या थांबले. "प्लास्टिक कुजतं?"

"हो. म्हणजे कागदावर सगळं सिद्ध झालेलं आहे."

"कागद तं कुजतोच," तात्या म्हणाले. "मना माज्या मातीत दाखव. माज्या डोल्यांदेखत कुजली पायजे."

आणि तसा सौदा ठरला. पिशवी तयार करायची, तात्यांच्या पट्ट्यात पुरायची. कुजली तर गोदाम आमचं, हवी तितकी वर्षं. नाही कुजली तर टाक्या उचलायच्या आणि चालू पडायचं. सरांनी हात जोडले. मी मनात म्हटलं, संपलं! अजून पावडरसुद्धा निघाली नव्हती.

चहा मात्र मिळाला.

*

जागा झाली, टाक्या बसल्या, आता उरलेलं अन्न पाहिजे. लग्नाचे दिवस होते. आमच्या भागात हळद म्हणजे लग्नाहून मोठी. मांडवात रात्रभर गाणी, मटण, वडे, भाताचे डोंगर. तात्यांनी शब्द टाकला, "आमच्या सरांच्या गोदामात पाठवा रे जेवान."

दुसऱ्या दिवशी गोदामाच्या दारात टेम्पो उभा. सर आनंदाने धावले. बघतात तर केळीच्या पानाने झाकलेली पातेली. गरम वडे, मटण, वर लिंबू-कांदा वेगळा बांधून!

"हे उरलेलं आहे का?" सरांनी विचारलं.

टेम्पोवाला रागावला. "उरलेलं कशाला द्यायाचं तुमाला? मानाचं हाय. आधी तुमचं काढलं, मंग मांडवात वाढलं."

पुढच्या हळदीला तेच, त्याच्या पुढच्याला तेच. गावात कोणी कोणाच्या दारात उष्टं पाठवत नाही. पाठवलं तर तो अपमान, पिढ्यान्‌पिढ्या उगाळला जाणारा. आम्ही तिघं पोट फुटेस्तोवर जेवलो आणि टाक्या रिकाम्या! सर लोकांना शास्त्र समजावून सांगायचे, लोक मान डोलवायचे आणि दुसऱ्या दिवशी आणखी चांगले वडे पाठवायचे.

शेवटी काकू म्हणाल्या, "तुमी असा काय सांगता? सांगा, म्हशी पाललेत."

सरांना खोटं बोलता येत नाही, म्हणून ते मी सांगितलं. त्या दिवसापासून ड्रमच्या ड्रम भरून यायला लागले. म्हशीच्या तोंडचा घास कोण अडवणार? काकूंनी जन्मभर खरकटं गोठ्यातच टाकलेलं, त्यांना ते सुचलं यात नवल नाही.

अजूनही अधूनमधून एखादी बाई किटली घेऊन दारात उभी राहते आणि विचारते, "दूध केवढ्याला देता?"

*

आता सलीमभाईंचा किस्सा. हा सांगताना मला हसू येत नाही.

भिवंडीत लाइट गेली की लूम बंद पडतो आणि लूम बंद पडला की कामगाराला सुट्टी. ती काही हक्काची रजा नव्हे, पण हक्काहून मोठी. खडखडाट थांबला की माणसं बाहेर येतात, पायरीवर बसतात, चहा मागवतात, कानांना आराम देतात. सलीमभाईंनी जन्मभर हेच केलेलं.

आमच्याकडे पहिल्यांदा लाइट गेली तेव्हा सर आणि मी ठाण्याला गेलो होतो. सलीमभाईंनी पंखे बंद झालेले पाहिले, हवेचा पंप थांबलेला पाहिला आणि रीतीप्रमाणे बाहेर जाऊन बसले. शेजारच्या गोदामातल्या हमालांनाही हाक मारली. चहा, गप्पा. आम्ही आलो तेव्हा ते आम्हालाच म्हणाले, "आइए सर, बैठिए. लाइट नहीं है."

सर आत धावले. जिवाणूंना हवा लागते. पंप बंद पडला की पाण्यात हवा उरत नाही. टाकीतलं पाणी करडं पडलं होतं आणि वेगळाच वास येत होता. मी थेंब काढून मायक्रोस्कोपखाली ठेवला. सगळं संपलं होतं. किती दिवसांची मेहनत!

सलीमभाई दारात उभे होते. "हुआ क्या, ताई?"

"मेले," मी म्हटलं. फटकळपणा माझा. "हवा न मिळाल्यामुळे गुदमरून मेले."

ते टाकीकडे बघत राहिले. "मतलब, ये सब जिंदा थे?"

इतके दिवस आम्ही त्यांना सगळं सांगितलं होतं. तापमान, वेळा, कोणता नळ कधी उघडायचा. पण आत जीव आहे हे असं सरळ शब्दांत कोणी सांगितलंच नव्हतं. आम्ही आपले 'कल्चर, कल्चर' करत होतो. ते टाकीच्या पत्र्यावर हात ठेवून उभे राहिले. सरांनी एक शब्द रागाचा काढला नाही. मला वाटतं, दोष कोणाचा ते सरांना कळलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून सलीमभाई कामावर आले की आधी टाकीला सलाम करतात. लाइट गेली की या वयातही जनरेटरकडे पळत सुटतात. चहावाला हाक मारतो, "चचा, छुट्टी!" ते पळता पळता ओरडतात, "अरे, अंदर बच्चे हैं मेरे!"

*

पहिली पिशवी झाली तेव्हा सरांनी पेढे आणले आणि पिशवी तात्यांच्या हातात दिली. तात्यांनी ती काकूंना दिली. काकूंनी त्यात चार तोंडली टाकली. कर्रकन आवाज झाला आणि तोंडली जमिनीवर!

काकू तुकडा हातात घेऊन बघत बसल्या. "पिशवी हाय का पापड?"

खरंच होतं. आमचं पहिलं प्लास्टिक फार ठिसूळ निघालं. पुढे जिवाणूंचं खाणं थोडं बदललं, तेव्हा कुठे ते लवचीक व्हायला लागलं. त्यात बराच काळ गेला. मध्ये सर एकदम गप्प झाले होते. गोदामात यायचे, टाक्यांपुढे खुर्ची टाकून बसायचे.

तात्या तेव्हा रोज एक चक्कर मारायचे. काही विचारायचे नाहीत. सरांच्या शेजारी उभे राहायचे, टाकीकडे बघायचे आणि जाताना म्हणायचे, "भाताला पिकायला पन येल लागतो." रोज तेच वाक्य. मला आधी त्याचा कंटाळा यायचा. मग एक दिवस ते आले नाहीत, तेव्हा सर घड्याळाकडे बघायला लागले.

*

लवचीक पिशवी झाली. कापडासारखी मऊ, जराशी दुधाळ रंगाची. तात्यांनी तिच्यात दोन किलो भेंडी भरून गावभर हिंडवली. फाटली नाही. मग ते म्हणाले, "आता पुरू."

पुरताना कोणी जवळ यायचं नाही, माझा मी पुरणार, असं त्यांनी बजावलं. सरांना वाटलं, परीक्षक आहेत, बरोबर आहे. आम्ही लांब उभे राहिलो. तात्यांनी खड्डा केला, बसून बराच वेळ काहीतरी केलं, माती लोटली, वर धोंडा ठेवला.

पावसाळा गेला. दसऱ्याला तात्यांनी आम्हाला सगळ्यांना बोलावलं. त्यांचा मुलगा प्रकाशही होता. प्रकाश गोदामांचा व्यवहार बघतो. एक कुरियर कंपनी आमच्या गोदामावर नजर ठेवून होती आणि प्रकाशचं म्हणणं होतं की भाडं असं हातचं घालवू नये. माणूस वाईट नाही, पण त्याला वाल लावता येत नाहीत आणि त्याने खाडीत जाळं कधी पाहिलेलं नाही.

तात्यांनी धोंडा काढला, उकरलं आणि पिशवी वर काढली. अखंड! डाग नाही, भोक नाही. कालच केल्यासारखी.

सरांचा चेहरा मला बघवेना. प्रकाश हळूच म्हणाला, "झालं तर मग, तात्या."

मी पुढे झाले. खड्ड्यातून दोन पिशव्या निघाल्या होत्या. वरची एक त्यांनी सोलून बाजूला ठेवली होती, साधी, बाजारातली, गाठ मारलेली. आमची तिच्या आत होती.

"तात्या, ही कशाला?"

"मंग?" तात्या म्हणाले. "एवढी म्हेनतीची पिशवी. चिखलात खराब नसती जाली?"

सर मटकन बांधावर बसले आणि हसायला लागले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते थांबेचना. तात्यांना काय चुकलं ते कळेना. काकूंना कळलं. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, "बापूस मेला तवा त्याचा फोटो पन असाच बांधून ठेवलान ह्यांनी."

*

दुसऱ्यांदा पुरली ती सगळ्यांसमोर. पुढच्या उन्हाळ्याच्या शेवटी, पट्टा नांगरून झाल्यावर. यंदा तात्यांनी दोन खड्डे केले, शेजारी शेजारी. एकात आमची पिशवी, नुसती. दुसऱ्यात दुधाची रिकामी पिशवी, धुतलेली. "ती पन बगू," ते म्हणाले. प्रकाशने वडिलांसमोर कबूल केलं की येत्या दिवाळीपर्यंत थांबतो, त्यानंतर एक दिवसही नाही.

मग तात्यांचा धीर सुटला. पाऊस पडून गेला की निघाले खुरपं घेऊन. उकरायचे, बघायचे, परत लोटायचे. एकदा धावत गोदामात आले. "कोपरा पातल जालाय!" सलीमभाईंनी त्यांना मिठीच मारली.

सर म्हणाले, "तात्या, सारखं उकरलं तर प्रयोग बिघडतो."

ऐकतात कसले! शेवटी काकू पट्ट्यात गेल्या, खुरपं काढून घेतलं आणि म्हणाल्या, "पेरलेला बी रोज उकरून बगता का? लाज न्हाय वाटत, शेतकऱ्याच्या पोराला?"

तात्या लाजले. सगळ्यांसमोर शब्द दिला, आता दिवाळीशिवाय हात लावणार नाही. आणि खुरपं स्वतः नेऊन काकूंच्या चुलीमागे टांगलं.

*

तात्यांना ठाण्याच्या इस्पितळात नेलं तेव्हा गणपती नुकतेच गेले होते. आधी साधा दमा वाटला, तो छातीचा मोठा आजार निघाला. आम्ही तिघं बघायला गेलो. प्रकाश बाहेर बाकावर बसला होता, दाढी वाढलेली. त्याने सरांना पाहून नुसती जागा करून दिली.

तात्या फार लहान दिसत होते. नाकात नळी. आम्हाला बघून त्यांनी ती बोटाने जरा सरकवली.

"पिशवी?"

मला वाटलं, सर आता म्हणतील, गेली, तात्या, पूर्ण कुजली. एवढं एक वाक्य. कोणाचं काय बिघडलं असतं? सर पलंगाच्या दांड्याला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "उकरल्याशिवाय नाही सांगता येणार, तात्या."

मला सरांचा इतका राग आला! मी त्यांच्याकडे डोळे मोठे करून पाहिलं. सलीमभाईंनी मान फिरवली.

तात्या हसले. हसताना खोकला आला. खोकला थांबल्यावर म्हणाले, "आरं, मरनाऱ्याशी तरी खोटं बोल." आणि सरांचा हात धरला. "बराय. न्हाय बोल्लास ते बराय. उकरू नका कोन. मी येतो, मंग उकरू."

परत येताना कशेळीच्या पुलावर ट्राफिकमध्ये गाडी अडकली. खाली खाडी होती. सर म्हणाले, "मला सांगता यायला हवं होतं." सलीमभाई म्हणाले, "नहीं सर. उनको आप पे भरोसा था. वही रहने दो."

तात्या आले नाहीत. नवरात्राच्या आधीच गेले.

*

दहावा खाडीवर होता. आमच्याकडे बायका घाटावर सहसा येत नाहीत, पण काकू आल्या आणि त्यांना कोणी अडवलं नाही. मी त्यांच्यासोबत बसले. सर आणि सलीमभाई पुरुषांच्या मागे उभे होते.

पिंड मांडला. तिवराच्या फांदीवर कावळे होते, चांगले चार-पाच. पण एक खाली येईना. सगळे बाजूला झाले. ऊन वाढत गेलं. म्हातारी माणसं कुजबुजायला लागली, काहीतरी राहिलंय, जीव अडकलाय.

प्रकाश हात जोडून पुढे झाला. "तात्या, आईला मी अंतर देणार नाही."

कावळे तसेच.

"तात्या, मागचा पट्टा विकणार नाही. वाल लावीन. शिकेन."

एक कावळा उडाला आणि दुसऱ्या फांदीवर जाऊन बसला.

प्रकाशने वळून सरांकडे पाहिलं आणि मोठ्याने म्हणाला, "तात्या, गोदाम ह्यांचंच राहील. पिशवी कुजो, नाही तर न कुजो. कुरियरवाल्यांना आजच नाही म्हणून सांगतो."

सरांनी डोळे मिटले. आता येणार, आता नक्की येणार, असं मला वाटलं. मी, मायक्रोबायोलॉजी शिकलेली बाई, कावळ्याकडे हात जोडून बघत होते!

कावळ्याने फांदीला चोच पुसली आणि तोंड फिरवून बसला.

भटजींनी घड्याळ पाहिलं आणि दर्भ हातात घेतला. कावळा आलाच नाही तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात. ते गाठ मारणार, तेवढ्यात काकू म्हणाल्या, "थांबा जरा."

त्या उठल्या. "त्यांचा जीव गोदामात नव्हता," एवढंच प्रकाशला म्हणाल्या. मग मागे बघून, "सलीम, गाडी काढ."

दोघं गेली. कुठे, ते कोणी विचारलं नाही. आम्ही उन्हात उभे राहिलो. घाटापासून पट्टा काही लांब नाही, पण मला तो वेळ फार लांब वाटला.

काकू परत आल्या तेव्हा त्यांचे हात कोपरापर्यंत मातीने भरले होते. चुलीमागचं खुरपं सलीमभाईंच्या हातात होतं आणि ते कोणाकडे बघत नव्हते. काकू सरळ पिंडासमोर जाऊन बसल्या. त्यांच्या एका हातात दुधाची पिशवी होती. तिच्यावरची निळी अक्षरंसुद्धा पुसली नव्हती. दुसऱ्या हाताची मूठ त्यांनी उघडली. नुसती काळी माती.

"अवं, बगा," काकू म्हणाल्या, रोज जेवायला हाक मारायच्या त्याच आवाजात. "ही दुधाची. पुरली तशी हाय. तुमची न्हाय गावली. खाली, बाजूला, सगला उकरून बगितला मी. समदी माती जाली."

पुलावर ट्रक चालले होते. बाकी कसला आवाज नव्हता.

कावळा उतरला. पिंडाला चोच लावली, भात उचलला आणि खाडीवरून निघून गेला.

भटजींनी दर्भ खाली ठेवला. काकूंनी मातीची मूठ पाण्यात सोडली, हात धुतले. मग दुधाची पिशवी झटकली, तिची नीट घडी केली आणि कमरेला खोचली.

"चला," त्या म्हणाल्या. "ही आता आपल्यालाच सांभालाया लागेल."